धाग्यानें बांधलेलें बळ

बोरिवलीच्या बाजूनें गोराईची खाडी ओलांडावयाची म्हणजे आजही होडींत बसावें लागतें. पाण्याचा पट्टा रुंद नाहीं. थोड्याच वेळांत पलीकडचा धक्का येतो, आणि किनाऱ्याला जाळीं दुरुस्त करीत बसलेले कोळी दिसूं लागतात. त्यांच्या हातांतला दोरा इतका बारीक असतो कीं, एकेरी धरून ओढला तर बोटच कापावें. पण त्याच दोऱ्याचें जाळें भरतीच्या ओढीला आणि मासळीच्या भाराला पुरून उरतें.

खाडीच्या अलीकडे, बोरिवलीच्या जुन्या बिनलिफ्टच्या इमारतींतून दुसरें एक दृश्य रोज पाहावयास मिळतें. स्वयंपाकाच्या गॅसचा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन एखादा माणूस तीन-चार जिने चढत असतो. त्या सिलिंडरांत गॅस असतो १४.२ किलो, आणि त्या गॅसला कोंडून धरणाऱ्या पोलादाचें वजन असतें त्याहूनही थोडें अधिकच. म्हणजे त्या बिचाऱ्याच्या खांद्यावर निम्म्याहून जास्त ओझें असतें तें नुसत्या भिंतींचें.

कोळ्याचा दोरा आणि पोलादाचें हें पात्र यांचा एकमेकांशीं काय संबंध, असें श्रोत्यांस वाटेल. परंतु गेल्या ऐंशी वर्षांत जाड पोलादाच्या भिंतींचें काम केसासारखा बारीक धागा करूं लागला आहे, आणि या फेरबदलाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच देशांत, गोराईसारख्याच एका कोळ्यांच्या गांवीं लिहिला गेला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम अडचण काय होती तें पाहूं. गॅस, वाफ किंवा दाबलेली हवा एखाद्या लांबट पात्रांत कोंडली कीं त्याच्या भिंतीवर दोन दिशांनीं ताण येतो. एक लांबीच्या दिशेनें; तो पात्राचीं दोन टोकें एकमेकांपासून तोडूं पाहतो. दुसरा घेराच्या दिशेनें. तो पात्राला फुगवून उभें चिरूं पाहतो. गणित असें सांगतें कीं, घेराचा ताण लांबीच्या ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. याची साक्ष घरांतही मिळते. पाण्याची रबरी नळी दाबानें फुटते तेव्हां ती सहसा आडवी तुटत नाहीं, लांबीच्या रेषेंत उभी चिरते.

आतां पोलाद सर्व दिशांना सारखेंच बळकट. घेराचा मोठा ताण सोसेल इतकी जाड भिंत केली कीं लांबीच्या दिशेनें तिचें निम्में बळ विनाकारण पडून राहतें. त्या पडून राहिलेल्या बळाचेंही वजन मात्र वाहावेंच लागतें. जेथें जितका ताण तेथें तितकेंच बळ देतां आलें तर? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचें पहिलें उत्तर शास्त्रज्ञांनीं नव्हे, लोहारांनीं दिलें.

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धांव चढवितांना ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना तें उत्तर ठाऊक आहे. धांव चाकाहून किंचित् लहान घडवितात, ती लालबुंद तापवितात, तापून वाढली कीं चाकावर बसवितात, आणि लगेच वरून पाणी ओततात. लोखंड आकसतें आणि सारें चाक मुठींत धरल्यासारखें आवळून घेतें. भार येण्यापूर्वींच चाक आंतल्या बाजूस दाबलें गेलेलें असतें. म्हणून रस्त्याचे धक्के त्याला खिळखिळें करूं शकत नाहींत.

हीच युक्ति तोफा घडविणाऱ्यांनीं उचलली. तोफ म्हणजे तरी काय? क्षणभर प्रचंड दाब सोसणारें एक पात्रच. गोराई ज्या धारावी बेटावर वसलें आहे त्या बेटाच्या किल्ल्यासाठीं १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. त्या काळीं तोफ फुटून शेजारचे गोलंदाजच दगावण्याची भीति शत्रूच्या गोळ्याइतकीच खरी होती. त्या भीतीवर उपाय काय करीत त्याचा एक भव्य नमुना तंजावरास आजही पाहावयास मिळतो. तेथील बुरुजावरची लोखंडी तोफ नायक राजांच्या काळांत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत घडविलेली. पुढें १८५५ पर्यंत ज्या भोसल्यांनीं तंजावरावर राज्य केलें त्यांच्या वारशांत ती आली. सुमारें साडेसात मीटर लांबीची आणि वीस टनांहून अधिक वजनाची ही तोफ ओतलेली नाहीं. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांप्रमाणें एकमेकींशेजारीं मांडून त्यांवर लोखंडी कडीं चढवून ती सिद्ध केली आहे. लांबीचा ताण पट्ट्यांनीं घ्यावा, घेराचा कड्यांनीं घ्यावा, अशी ही कामाची वांटणी. समीकरण त्या कारागिरांपाशीं नव्हतें. पण समीकरणाचा अर्थ त्यांच्या हातांना कळला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत आर्मस्ट्राँग यांनीं लोखंडाच्या सळ्या तापवून त्यांचीं वेटोळीं केलीं आणि तीं ठोकून, एकावर एक आवळून तोफा बांधल्या. १८५५ च्या सुमारास लाँग्रिज नांवाच्या इंजिनियरानें याच्याही पुढें पाऊल टाकलें. कड्यांऐवजीं पोलादाची तार ताणून तोफेच्या नळीवर गुंडाळावी, असें त्यानें सुचविलें. ताराच का? जाड लोखंडांत एखादी भेग, एखादा पोकळ ठिपका दडलेला असतो आणि नेमका तेथेंच घात होतो. बारीक तार ओढून काढतांनाच तिच्यांतील दोष उघडा पडतो; आणि शेंकडों वेढ्यांतील एखादा तुटला तरी बाकीचे भार वाटून घेतात. या विचाराकडे प्रथम कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. पण शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या तोफांवर मैलोगणती तार गुंडाळली जाऊं लागली.

मात्र या तोफांनीं एक धडाही शिकविला. तारेचे सगळे वेढे घेराच्या दिशेचे होते. लांबीच्या दिशेनें ते कांहींच आधार देत नव्हते. त्यामुळें या लांबलचक तोफा आपल्याच वजनानें टोंकाशीं किंचित् झुकूं लागल्या. धागा ज्या दिशेनें ठेवला त्या दिशेपुरताच तो बळ देतो. दिशा चुकली कीं मैलभर तारही व्यर्थ.

पोलादी तारेची जागा दुसऱ्या एका धाग्यानें घेतली ती १९३० नंतरच्या दशकांत. अमेरिकेंत वितळलेल्या कांचेचे अति बारीक तंतू काढण्याची रीत सांपडली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंड व अमेरिकेंत इपॉक्सी नांवाची नवी राळ तयार झाली. कांच म्हटली कीं आपणांस तडकणारा पेला आठवतो. पण कांचेचा ताजा, बारीक तंतु ताणाला विलक्षण चिवट असतो, आणि पोलादाच्या मानानें त्याचें वजन एक तृतीयांशाच्या आसपास. तंतूनें ताण सोसावा, राळेनें तंतूंना आपापल्या जागीं धरून ठेवावें आणि एकाचा भार दुसऱ्याकडे पोंचवावा, असा हा संसार. मातीच्या भिंतींत गवताची काडी मिसळणाऱ्या आपल्या खेड्यांतील माणसाला तो अगदींच परका वाटणार नाहीं.

हा धागा गुंडाळतात कसा? संक्रांतीच्या दिवसांत फिरकीवर मांजा भरतांना आपण जें करतों तेंच येथें मोठ्या प्रमाणावर होतें. एकजण फिरकी फिरवितो. दुसरा दोरा चिमटींत धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत राहतो. हात हलला नाहीं तर दोरा एकाच जागीं साठतो. जोरानें हलला तर तिरके वेढे पडतात. यंत्रांतही मधला साचा फिरत असतो, आणि राळेंत भिजून आलेला धागा एक गाडी त्याच्या लांबीनें पुढें-मागें नेत असते. साच्याची फिरकी आणि गाडीची धांव यांचें प्रमाण जसें ठेवावें तसा वेढ्यांचा कोन पडतो. घेराचा ताण दुप्पट असल्यामुळें धागा आंसाशीं सुमारें ५४.७ अंशांचा कोन करून गुंडाळला तर तोच धागा दोन्ही ताण नेमके तोलून धरतो. नाहींतर कांहीं थर लांबीकडे झुकलेले आणि कांहीं थर कड्यांसारखे आडवे, अशीही रचना करतात. तंजावरच्या पट्ट्या आणि कडीं येथें पुन्हां भेटतात, फक्त केसाएवढ्या जाडीचीं होऊन.

खरी परीक्षा असते पात्राच्या टोंकांना. गोल पृष्ठावर ताणलेला धागा नेहमीं जवळची वाट शोधतो. त्या वाटेवरून हटवून ठेवला तर घसरतो. म्हणून टोंकाच्या घुमटाचा आकार शोभेसाठीं निवडीत नाहींत. धागा जेथें न घसरतां आणि सर्वत्र सारखा ताणलेला राहील तो आकार गणितानें काढतात. गुंडाळणें संपलें कीं पात्र भट्टींत हळूहळू फिरवीत तापवितात, राळ घट्ट होते, आणि मग आंतला साचा काढून घेतात. निमुळत्या तोंडाच्या पात्रांतून साचा निघणार कसा, या कोड्याचें उत्तरही सुरेख आहे: साचा पाण्यांत विरघळणाऱ्या पदार्थानें बांधलेल्या वाळूचा करतात आणि शेवटीं तो धुऊन टाकतात.

अमेरिकेंत ही विद्या वाढली ती मुख्यत्वें अग्निबाणांसाठीं. पाणबुडींतून सुटणाऱ्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या दुसऱ्या आवृत्तींत, १९६० च्या सुमारास, वरच्या टप्प्याची पोलादी नळी जाऊन तेथें कांचतंतूंची नळी आली. घन इंधनाचा अग्निबाण म्हणजे पोटांत आग पेटलेलें दाबाचें पात्रच होय. वरच्या टप्प्याच्या नळींतून एक किलो वजन कमी झालें कीं जवळजवळ तितकाच जास्त भार उपग्रहाच्या वांट्यास येतो. हें ज्यांना कळलें त्यांनीं ही विद्या जपून ठेवली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. केरळांत तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नांवाचें गांव आहे. समुद्रकांठ, वाळू, नारळी, मासेमारी करणारीं ख्रिस्ती कुटुंबें आणि मध्यें जुनें चर्च. गोराईच्या माणसाला तें आपलेंच गांव वाटावें. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा त्या गांवाजवळून जाते, म्हणून विक्रम साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अग्निबाण उडविण्यासाठीं ती जागा निवडली. गांवकऱ्यांनीं आपलीं घरें हलविलीं, चर्चची इमारत दिली, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं तेथून पहिला अग्निबाण आकाशांत गेला. तो अमेरिकेहून आलेला होता.

२ फेब्रुवारी १९६८ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं थुंबाचें हें केंद्र आंतरराष्ट्रीय संशोधनास अर्पण केलें. त्याच प्रसंगीं देशांतील धागा गुंडाळण्याचें पहिलें यंत्र तेथें सुरू झालें. तें ज्या प्रयोगशाळेंत होतें तिचे प्रमुख होते तरुण अब्दुल कलाम. पुढें देशाचे राष्ट्रपति झालेल्या या गृहस्थांच्या आयुष्यांतील हा प्रसंग फारसा सांगितला जात नाहीं. त्या यंत्रावर अग्निबाणांच्या ३६० मिलिमीटर व्यासापर्यंतच्या नळ्या गुंडाळल्या गेल्या आणि उडवून पाहिल्या गेल्या.

याच मंडळींकडे फ्रान्सच्या दियामां अग्निबाणाशींही जुळेल असा वरचा टप्पा तयार करण्याचें काम आलें. बरीच मेहनत झाली, आणि मग फ्रेंचांनीं आपला बेतच रद्द केला. केलेलें काम कागदांत गुंडाळून ठेवण्याचाच हा प्रसंग. पण तोच टप्पा भारताच्या पहिल्या उपग्रहवाहकाच्या, एसएलव्ही-३ च्या माथ्यावर चढला. १९७९ चा पहिला प्रयत्न फसला. १८ जुलै १९८० रोजीं मात्र ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेंत गेला. पुढच्याच वर्षीं, १९ जून १९८१ रोजीं, ॲपल हा दळणवळणाचा उपग्रह युरोपच्या अग्निबाणावरून निघाला, आणि त्याला अंतिम कक्षेकडे ढकलणारी मोटार त्याच चौथ्या टप्प्यावरून घडविलेली होती. या ॲपलचें बैलगाडींत ठेवलेलें छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याच्या आकाशकांड्यांच्या चांचणींत धातूचा अडथळा नको होता म्हणून ती गाडी आणली होती. लोक त्या चित्राला हंसले; पण चाकाला धांव आवळणारा लोहार आणि नळीवर धागा आवळणारा इंजिनियर एकाच घराण्याचे, हें ध्यानांत ठेवणारास त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसणार नाहीं.

या उद्योगांत मराठी माणसाचा वांटा मोठा आहे. पुण्यांत १९३३ सालीं जन्मलेले वसंत गोवारीकर इंग्लंडांतील शिक्षण संपवून १९६७ सालीं थुंबास आले, घन इंधनाच्या संशोधनाचा त्यांनीं पाया घातला, आणि १९७९ ते १९८५ या काळांत ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. धाग्याची नळी कितीही हलकी केली तरी तिच्या पोटांतील इंधन भिंतीला घट्ट चिकटून राहिलें नाहीं, त्याला एक भेग गेली, तर सारा डाव क्षणांत जळून जातो. पात्र आणि इंधन हीं एकमेकांच्या भरंवशावर जगतात. पुढें आलेल्या पीएसएलव्ही या वाहकाकडे पाहिलें म्हणजे जुनें आणि नवें एकाच देहांत दिसतें. त्याचा २.८ मीटर व्यासाचा पहिला टप्पा पोलादी आहे, आणि तसल्या पोलादी नळ्या पुणें जिल्ह्यांतील वालचंदनगरास घडल्या आहेत. तिसऱ्या टप्प्याची नळी मात्र केव्हलार नांवाच्या धाग्यानें गुंडाळलेली आहे. खालीं भार सोसणारें पोलाद, वर भार वाचविणारा धागा, असा हा विवेक आहे.

हें सारें आपणांस आपल्याच हातांनीं कां शिकावें लागलें? १९८७ सालीं सात बलाढ्य राष्ट्रांनीं क्षेपणास्त्रांच्या तंत्रावर निर्बंध घालणारा एक करार केला. ज्या वस्तू इतरांस सहजीं मिळूं द्यावयाच्या नाहींत त्यांच्या यादींत इंधनें होतीं, दिशादर्शक उपकरणें होतीं, आणि धागा गुंडाळण्याचीं यंत्रेंही होतीं. ज्या यंत्राचें तत्त्व संक्रांतीच्या फिरकींत आहे त्यालाही कुलूप लागलें. त्याआधीं एकोणीस वर्षें थुंबास तें यंत्र फिरूं लागलें नसतें तर त्या कुलपाची किल्ली मागत आपल्याला दारोदार हिंडावें लागलें असतें. भारत त्या मंडळाचा सभासद झाला तो २०१६ सालीं. तेव्हां मागून घेण्यासारखें फार थोडें उरलें होतें.

तथापि विद्येची खरी कसोटी ती घरांत उपयोगी पडते कीं नाहीं ही आहे. १९७१ सालीं अमेरिकेच्या अवकाश संस्थेनें आग विझविणाऱ्या जवानांच्या पाठीवरील हवेचा बाटला हलका करण्याचें काम हातीं घेतलें. पोलादी बाटला इतका जड होता कीं कित्येक जवान तो घेण्याचेंच टाळीत. ॲल्युमिनियमच्या पातळ पात्रावर कांचतंतु गुंडाळून केलेल्या नव्या बाटल्यानें साऱ्या साजाचें ओझें सुमारें एक तृतीयांशानें उतरलें. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीच्या स्फोटांत ६६ जवान गमावलेल्या मुंबईला, जिच्या इमारती आज चाळीस-पन्नास मजल्यांना भिडल्या आहेत तिला, या ओझ्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. मोटारींतून नैसर्गिक गॅस हवेच्या नेहमींच्या दाबाच्या २०० पट दाबानें भरतात, आणि तेथेंही आतां प्लास्टिकच्या पात्रावर धागा गुंडाळलेल्या टाक्या येऊं लागल्या आहेत. स्वयंपाकघरासाठीं १० किलो गॅसचा धाग्याचा सिलिंडर २०२१ सालीं आपल्याकडे बाजारांत आला. तो गंजत नाहीं, पोलादी सिलिंडराच्या मानानें पुष्कळ हलका आहे, आणि आंत गॅस किती उरला तें बाहेरून दिसतें.

परंतु येथें एक इशारा दिल्यावांचून हें भाषण पुरें करणें योग्य होणार नाहीं. दोरीनें ओढतां येतें, ढकलतां येत नाहीं. आंतून बाहेर येणारा दाब धागा सोसतो, कारण त्यानें धागा ताणला जातो. बाहेरून आंत येणाऱ्या दाबापुढें धाग्याचें हें बळ तसें कामीं येत नाहीं. १८ जून २०२३ रोजीं टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहण्यासाठीं उत्तर अटलांटिक समुद्रांत उतरलेली टायटन ही पाणबुडी चिरडली आणि तिच्यांतील पांचही माणसें मृत्यु पावलीं. तिचें नळकांडें कार्बनच्या धाग्यानें गुंडाळलेलें होतें. ज्या दिशेचा ताण, त्या दिशेचा धागा, हा नियम तोफेच्या काळीं जितका कठोर होता तितकाच आजही आहे.

शिवाय पोलादाला मार बसला तर पोंचा दिसतो. धाग्याच्या पात्राला आंतून झालेली इजा बाहेर दिसेलच असें नाहीं. म्हणून इंजिनियर अशा पात्रांत गॅस भरण्यापूर्वीं पाणी भरून दाब देतात, कारण पाण्यानें पात्र फुटलें तरी तें गॅससारखें उसळत नाहीं. त्या वेळीं भिंतीला बारीक श्रवणयंत्रें लावून ते कान देऊन ऐकतात. एखादा तंतु तुटला कीं बारीक चट् असा ध्वनि उठतो. थोडे तुटणें स्वाभाविक असतें. पण दाब तितकाच असूनही आवाज वाढत गेले तर तें पात्र बाद करतात. देशांतील गॅसच्या सिलिंडरांना मान्यता देणारी सरकारी कचेरी नागपुरास आहे, आणि मोटारींतील गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनीं चांचणी करून घेण्याचा नियम आहे. कांहीं घरांतून ही चांचणी म्हणजे फुकटचा खर्च मानून चुकविली जाते. न दिसणाऱ्या इजेवर दुसरा उपाय नाहीं, हें ज्यांना समजलें आहे त्यांनीं तरी तसें करूं नये.

गोराईच्या धक्क्यावरचा कोळी संध्याकाळीं जाळें आंवरण्यापूर्वीं त्यावरून हात फिरवितो. कोठें धागा झिजला, कोठें गांठ सुटली, तें बोटांनीं चांचपून पाहतो आणि तेवढाच भाग पुन्हां विणतो. बारीक धाग्यावर भरंवसा टाकून तो खोल पाण्यांत जातो, पण हा हात फिरविल्याशिवाय कधीं जात नाहीं.